मुख्याध्यापक सर, आता आमदारकीचं मनावर घ्याच

सर, निवृत्ती तोंडावर आली, संस्थाचालक विचारेनासे झाले, त्यात संचमान्यतेने (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात ती) दोन शिक्षक अतिरिक्त ठरवले? मग विधान परिषदेचा नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघ तुमचाच. सहा जिल्हे, काटोलपासून पार सिरोंच्यापर्यंत. मुदत सहा वर्षं. या जागेवर उमेदवार शिक्षकच हवा असं कायदा म्हणत नाही, त्यामुळे शिकवणं केव्हाच सुटलं असेल तरी संकोच नको. अट मतदाराला आहे : गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं हवं. पहिली ते चौथीच्या गुरुजींना मत नाही. त्यांच्या घरच्या लग्नात आहेराचं पाकीट पातळ चालेल.

भाषण नंतर, आधी नमुना १९, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज. त्याला जोडायचा शिकवल्याचा दाखला कोण देतो? संस्थेचा प्रमुख, म्हणजे तुम्हीच! अख्ख्या शाळेचे अर्ज एकगठ्ठा पाठवायची मुभाही तुम्हालाच. सूचना वहीत दोन ओळी लिहा, शिपायाला वर्गावर्गात फिरवा. सही करताना ‘बघू सर’ कोण म्हणालं, तेवढं ध्यानात ठेवा. शिक्षकांच्या कामावर तुम्ही लिहिता ते गोपनीय अहवाल अजून तुमच्याच कपाटात आहेत.

प्रचारात मात्र सराव परीक्षा घ्याच. जन्मभर पेपर तपासलेली माणसं मतपत्रिकेवर सवयीने बरोबरची खूण करतात आणि मत बाद. पहिल्या पसंतीच्या नावापुढे १ हा आकडा लिहायचा. देवनागरी, इंग्रजी, रोमन कुठलाही चालतो, पण अक्षरी ‘एक’ लिहिलं की संपलं. सही नको, खिशातलं लाल पेन तर नकोच; केंद्रावर देतात तेच जांभळं स्केचपेन. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. तो कुणालाच गाठता आला नाही, की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. म्हणून पडणाऱ्याशी कधी भांडू नका. त्याच्या माणसांना तर्री-पोहे खाऊ घाला आणि हळूच म्हणा, “एक नंबर तुमच्या सरांना द्या, दोन नंबर आपल्याला.”

मुद्दा शोधायची गरज नाही. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेल्यांची जुन्या पेन्शनची मागणी आहेच. ती मुरत ठेवा. सुटली तर पुढच्या खेपेला बोलाल कशावर? नागपूर करारामुळे (१९५३) हिवाळ्यात अधिवेशनाला सरकार आपल्या दारी, नागपुरात येतं. मोर्चा यशवंत स्टेडियमवरून काढायचा, टेकडी रोडवर अडला की खाली बसायचं. आमदार झालात की बॅरिकेडच्या पलीकडून यायचं आणि निवेदन स्वीकारायचं. मसुदा तुमचाच जुना असेल, वाचत बसू नका. ‘शासन सकारात्मक आहे’ म्हणा आणि आमदार निवासात जेवायला जा. सभागृहात तारांकित (मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न टाकावा, उत्तर बहुधा ‘हे खरे आहे काय? – अंशतः खरे आहे’ असं येतं. तेवढंच कात्रण व्हॉट्सअॅपवर पाठवा.

एक तेवढं सांभाळा. ही मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुन्या यादीतलं नाव कामाचं नाही. तोवर तुम्ही निवृत्त झालेले असाल, दाखल्यावर सही नव्या मुख्याध्यापकाची लागेल, आणि त्याचा गोपनीय अहवाल तुम्ही काय लिहिला होता, ते त्याला पाठ असेल.