निरोपाची पुस्तिका आणि दुखावलेले आम्ही

राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या आमच्या गावी दहावीच्या वर्गाने २०२५ च्या फेब्रुवारीत, निरोप समारंभाच्या दिवशी, चाळीस पानांची एक पुस्तिका काढली. तिच्यावरून गावात, गावकऱ्यांच्या मुंबई मंडळात आणि माजी विद्यार्थ्यांमध्ये जो वाद पेटला, तो जुलै सरत आला तरी विझलेला नाही. पुस्तिकेत एकोणीस मुलामुलींनी पाचवी ते दहावी या सहा वर्षांबद्दल आपापल्या शब्दांत लिहिले आहे. आक्षेप असा की, शाळेचे ऋण मानण्याऐवजी या मुलांनी शाळेची बदनामी केली. संस्थेने उरलेल्या प्रती कपाटात घालून कुलूप लावले आणि मुख्याध्यापकांकडून खुलासा मागवला. माझ्या चुलतभावाने पुस्तिकेची प्रत मला येथे जर्मनीत धाडली, ती मी संतापावे म्हणूनच. मी संतापलोही, पण त्याला अपेक्षित होते त्या मुलांवर नव्हे.

आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दोनच पाने वाचली आहेत, असे मला चौकशीअंती आढळले. आठवी-नववीत गणिताला शिक्षकच नव्हते आणि तो तास चित्रकलेच्या सरांनी जमेल तसा सांभाळला, असे एका मुलीने लिहिले आहे, हे त्यांतले पहिले पान. दुसरे पान खारवीवाडीतील मुलाचे आहे. पहाटे वडिलांबरोबर होडीवर जाऊन आल्यावर अंगाला कोळंबीचा वास येतो, म्हणून आपल्याला एक संपूर्ण वर्ष शेवटच्या बाकावर एकटे बसावे लागले, एवढेच त्याने कोणाचेही नाव न घेता नोंदवले आहे. उरलेल्या पानांवर शेवटची मुलगी पाखाडी उतरून येईपर्यंत एसटीच्या दारात उभे राहून कंडक्टरशी गप्पा लांबवणारे शिपाईमामा आहेत. होळीनंतर मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसते, ही तक्रार आहे. परतीची गाडी एकच असल्यामुळे शाळा सुटल्यावर एकदाही कबड्डीच्या सरावाला थांबता आले नाही, ही हळहळ आहे. निबंधाची वही घरी नेऊन प्रत्येक चुकीखाली बरोबर शब्द लिहून आणणाऱ्या मराठीच्या बाईंवर तर तिघांनी लिहिले आहे. ही पाने कोणाला का दिसली नाहीत, हे मला कळलेले नाही.

या वर्गाची सहा वर्षे कशी गेली, हे जरा आठवून पाहावे. ही मुले जून २०१९ मध्ये पाचवीत आली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली आणि पाचवीची वार्षिक परीक्षा रद्द झाली. सहावी मोबाईलवर गेली, आणि घरात रेंज मिळत नसल्याने भर उन्हात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जाऊन गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने शाळेच्या दोन वर्गांवरची कौले उडवली. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले आणि महिनाभरात एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत चालला; त्यामुळे लांबच्या वाड्यांवरील मुले एकतर साकव ओलांडून चालत आली किंवा घरीच राहिली. गणिताचे सर निवृत्त झाले ते त्यानंतर. त्यांची जागा का भरली गेली नाही, याचे उत्तर आमच्या गावात नाही. शासनाने २०१२ मध्ये शिक्षकभरती रोखली, पुढे भरतीसाठी पवित्र पोर्टल आले, आणि मध्यंतरी पट इतका घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, पद टिकेल की नाही याचीच चिंता संस्थेला लागली. मुलांनी यातले काहीही वाढवून लिहिलेले नाही. शाळेच्या दप्तरात जे असायला हवे होते ते त्यांनी पुस्तिकेत लिहिले, एवढाच त्यांचा गुन्हा.

यावर मुंबईहून आलेला युक्तिवाद निकालाचा होता. कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावीच्या निकालात राज्यात पहिले येत आहे. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, तर कोकणाचा ९८.८२ टक्के. मग शाळा वाईट कशा, असा सवाल. या आकड्यांचा अभिमान मलाही आहे आणि मी तो येथील सहकाऱ्यांना ऐकवतो, जरी त्यांना मंडळ म्हणजे काय इथपासून समजवावे लागते. परंतु २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, तेव्हा कोकणाचा निकाल शंभर टक्के होता, हेही त्याच कौतुकाच्या ओघात सांगितले पाहिजे. आमची मुले चिवट आहेत, घरची माणसे अभ्यासाला बसवतात, आणि जे शिक्षक आहेत ते न नेमलेल्या शिक्षकांचेही काम करतात, एवढे त्या टक्केवारीवरून कळते. चित्रकलेच्या सरांनी बीजगणित शिकवणे योग्य होते, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

माझी मुलगी या उन्हाळ्यात श्टुटगार्टजवळच्या गिम्नाझियुममधून, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेतून, आबिटूर ही शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या वर्गाची आबित्सायटुंग, म्हणजे निरोपाची पुस्तिका, दोनशे पानांहून मोठी आहे. तीत शिक्षकांच्या तोंडून वर्षभरात निसटलेल्या वाक्यांची सहा पाने आहेत आणि सर्वांत कंटाळवाणा तास कोणाचा याचा जाहीर कौलही आहे. तो मान मिळालेल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी तीन प्रती विकत घेतल्या आणि त्यांवर मुलांच्या सह्या घेतल्या. आबिश्ट्राइखच्या, म्हणजे शाळा सोडतानाच्या खोड्यांच्या, दिवशी मुलांनी शिक्षकखोलीचे दार बाटल्यांच्या रिकाम्या क्रेट्स रचून बंद केले, तेव्हा मुख्याध्यापिका खिडकीतून आत गेल्या आणि तो फोटो शाळेच्या वार्तापत्रात छापून आला. कोणी खुलासा मागितला नाही. येथील शिक्षक स्वभावाने थोर आहेत असे मी म्हणत नाही. ते बेआम्टे, म्हणजे कायम सरकारी नोकर, आहेत, त्यांची नोकरी आणि गावातील मान एका पुस्तिकेने हलत नाही, म्हणून त्यांना हसणे परवडते. आमच्या मुख्याध्यापकांना संस्थेच्या चिटणिसांची मर्जी सांभाळावी लागते आणि पुढच्या वर्षीचा पटही वाडीवाडीवर फिरून गोळा करावा लागतो.

हे सगळे मी चुलतभावाला फोनवर बऱ्याच उत्साहाने सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि विचारले की, त्या शाळेत ज्यांना घेतलेच नाही त्यांची पुस्तिका कोण काढते? तो मुलीच्या ग्रुंडशूलेच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या, वेळी येथे महिनाभर राहून गेला आहे आणि पुढे कोणत्या शाळेत जावे याच्या चौथीनंतरच्या शिफारशीवरून आमच्या घरात झालेली रडारड त्याने पाहिली आहे. तो विषय मी मुद्दामच काढला नव्हता. आमच्या शाळेत संस्थाचालकांचा नातू आणि खारव्याचा मुलगा दहावीपर्यंत एकाच वर्गात असतात. येथे डॉक्टरांच्या आणि नळकाम करणाऱ्याच्या मुलांची दहाव्या वर्षीच वाटणी होते, आणि त्यासाठी कोणाला कोणाच्या अंगाच्या वासाचे निमित्त लागत नाही. तरीही त्या मुलाला शेवटच्या बाकावर बसवले ते बसवलेच, आणि माझ्या भावाच्या प्रश्नाने तो बाक पुढे सरकत नाही.

मला अधिक खुपते ते हे की, दुखावले गेलेले लोक कोण आहेत. ज्यांची मुले आज त्या शाळेत आहेत, त्यांपैकी कोणीही तक्रार केलेली नाही. दोन आयांनी तर पाण्याचा विषय एकदाचा छापला गेला म्हणून समाधान व्यक्त केले. दुखावले गेले ते बोरिवली, विरार, पुणे आणि दुबई येथे राहणारे. १९९० च्या आसपास शाळा सोडलेले, गणपतीला आठ दिवस आणि जमल्यास शिमग्याला चार दिवस येणारे आम्ही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, त्या घटीत आम्ही आहोत. गाव सोडताना आम्ही शाळेचे जे चित्र बरोबर नेले त्यात जांभ्याच्या भिंती, पावसात कौलांवर वाजणारे पाणी आणि भूमितीची प्रमेये पाठ करताना दुरून येणारे पालखीचे ढोल आहेत. रिकामे पद आणि कोरडी टाकी त्यात नाही. निरोप समारंभात वाचायचे मनोगत आमच्या वेळी मराठीचे सर लिहून देत आणि आम्ही ते पाठ करून, योग्य जागी गहिवरून, म्हणत असू. मीही म्हटले आहे आणि त्यावर टाळ्या मिळाल्या आहेत. या मुलांनी स्वतःचे मनोगत स्वतः लिहिले, तर आमच्या त्या गहिवराचे काय करायचे, हा आमच्यापुढचा खरा पेच आहे.

आबिबालच्या, म्हणजे निरोपाच्या मेजवानीच्या, रात्री आमच्या टेबलावरचे सगळे पालक आपापल्या आबिटूरच्या आठवणी काढत होते. माझी पाळी आली तेव्हा मी शाळा भारतात झाली एवढेच सांगितले. गावाचे नाव घेतले नाही, कारण पुढचे प्रश्न मला नको होते, आणि खरे तर पुढचे प्रश्न येणारही नव्हते. मुलीच्या पानावर तिच्या मैत्रिणींनी लिहिले आहे की, तिचे वडील येथील प्रत्येक पावसाला हा काही पाऊस नव्हे असे म्हणतात. शाळेच्या संगणक कक्षाबाहेर देणगीदारांच्या फलकावर माझे नाव आहे. तो फलक रोज पाहणाऱ्या एकोणीस मुलांच्या चाळीस पानांत त्या नावाचा उल्लेख नाही, आणि पुस्तिका पहिल्यांदा हाती आली तेव्हा मी आधी तो शोधला होता.

दरम्यान ती मुले केव्हाच पुढे गेली आहेत. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाल्यामुळे पसंतीक्रम भरण्यासाठी त्यांना पुन्हा रेंज शोधत सड्यावर जावे लागले, काही जण रत्नागिरीला पदविकेला लागली, आणि खारवीवाडीतील मुलाने आयटीआयचा अर्ज भरला आहे. पुस्तिकेच्या वादात त्यांपैकी कोणालाही कोणी बोलावले नाही. संस्थेने मात्र गेल्या आठवड्यात ठराव केला की, पुढील वर्षापासून अशा प्रकाशनाचा मजकूर माजी विद्यार्थ्यांच्या समितीने आधी तपासावा. लिहिण्यावाचण्यातला माणूस म्हणून समितीसाठी माझे नाव सुचवले गेले आहे आणि चिटणिसांनी माझ्या होकारासाठी पत्र पाठवले आहे. समिती मोडीत काढा, असे उत्तर मी मनात अनेकदा तयार केले. पण गावाने इतक्या वर्षांत प्रथमच माझ्याकडे पैशांखेरीज काही मागितले आहे, आणि मी अजून नकार कळवलेला नाही.