खुलासा : गाडीतला जुना इंधन पंप फ्युएल इंजेक्शनला चालत नाही

‘जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) काढून इंजेक्टर (दाबाने पेट्रोल फवारणारा भाग) बसवा, जुना पंप, जुने पाइप तसेच चालतात, नव्या बेल्टचा सेटही थेट बसतो’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि पाइपांच्या बाबतीत जिवावर बेतणारा.

कार्ब्युरेटरच्या मेकॅनिकल पंपाचा दाब साधारण ४ ते ७ पीएसआय (दाबाचं एकक). पोर्ट इंजेक्शनला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणाऱ्या पद्धतीला, ४० ते ६० लागतो. गेज लावलं की फरक समोर दिसतो. एवढ्या दाबाला जुना रबरी पाइप क्लिपपाशी पाझरतो, आणि खाली असतो तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारा भाग). म्हणून इलेक्ट्रिक पंप, दाब नेमका ठेवणारा रेग्युलेटर आणि इंजेक्शनसाठीचाच पाइप हवा. ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) आणि सेन्सर लागतात ते वेगळेच.

बेल्टचं दुखणं सहज लक्षात येत नाही. कित्येक नव्या सर्पेंटाइन सेटमध्ये (एकच लांब बेल्ट सगळं फिरवतो) वॉटर पंप बेल्टच्या पाठीवर चालतो, म्हणजे उलटा फिरतो. जुन्या वॉटर पंपाचे बोल्ट बरोबर बसतात, पण त्याचा इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं पातं) सुलट फिरण्यासाठी घडवलेला असतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) नीट फिरत नाही, इंजिन तापतं. अशा सेटला उलट फिरणाराच वॉटर पंप घ्या.

इंजेक्शन जरूर बसवा, काम उत्तम आहे. पण तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.