पाचवीला पुजलेली सिम्फनी

"ही तर आहे ना आपल्याकडे?" सिम्फनीची, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या लांबलचक रचनांची, रेकॉर्डिंगं जमवणाऱ्याच्या घरात नव्या पुडक्याचं स्वागत याच वाक्याने होतं. खरं उत्तर "हो, सहा आहेत" असं असतं, म्हणून मी गप्प बसतो. ख्याल जमवणाऱ्यांची चंगळ आहे. एकाच गवयाचे दहा पूरिया घरात असले तरी कुणी ब्र काढत नाही, कारण गवई आज एक गातो आणि उद्या दुसरंच, हे सगळ्यांना मान्य आहे. बेथोव्हनने मात्र स्वर न् स्वर लिहून ठेवलाय. मग पाचवी सिम्फनी सातव्यांदा कशाला?

तर, लिहून ठेवलंय म्हणूनच. भांडायला कागद लागतो आणि इथे तो आहे.

पाचवीच्या पहिल्या भागात ५०२ बार, म्हणजे तालाची आवर्तनं म्हणा, आहेत. त्यातले पहिले १२४ पुन्हा वाजवा, अशी खूण आहे. शिवाय १८१७ मध्ये बेथोव्हनने मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) आकडाही छापून दिला: मिनिटाला १०८ बार. म्हणजे पुनरावृत्ती धरून ६२६ बार सहा मिनिटांच्या आत उरकायचे, वर अधले-मधले थांबे. कंडक्टर (ऑर्केस्ट्राचा संचालक) कार्लोस क्लायबरचं व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबरचं १९७४ चं रेकॉर्डिंग वेगासाठी गाजलं, पण तेही सव्वासात मिनिटांच्या पुढे जातं. जुन्या रेकॉर्डिंगांत पुनरावृत्ती बऱ्याचदा गाळलेली असते. त्यामुळे कव्हरवरची मिनिटं वाचून 'हा बघा, किती जलद' म्हणणारे फसतात. तो जलद नसतो, त्याने एक पान उलटलेलं असतं.

तुलना करायची तर अख्खी सिम्फनी ऐकू नये, एक जागा पकडावी. पाचवीच्या पहिल्या भागात ती बार ३०३ ला आहे. आधी दुसरी चाल सुरू होताना जी ललकारी हॉर्न (पितळी फुंकवाद्यं) देतात, तीच इथे पुन्हा येते, पण सूर बदललेला असतो. त्या काळच्या हॉर्नला तो बदल ऐनवेळी जमण्यासारखा नव्हता, म्हणून बेथोव्हनने ती बॅसूनला (खर्जातल्या लाकडी फुंकवाद्याला) दिली. पुढे हॉर्नला सूर बदलणारे व्हॉल्व्ह आले आणि अनेक कंडक्टरांनी 'बिचाऱ्याचा नाइलाज होता' म्हणत ती परत हॉर्नला देऊन टाकली. बॅसून ऐकू आला तर कंडक्टर कागदाला जागणारा. हॉर्न ऐकू आला तर आधी खिडकी बंद करून खात्री करावी. मुंबईत तो रिक्षाचाही असू शकतो.

यानंतर आवाजाची पातळी. दोन रेकॉर्डिंगांत एका डेसिबलचा फरक असला तरी मोठं वाजणारं जास्त जिवंत वाटतं, आणि आपण ते श्रेय कंडक्टरच्या प्रतिभेला देऊन मोकळे होतो. नव्याने रिमास्टर केलेली (जुन्या टेपवरून पुन्हा तयार केलेली) प्रत पुष्कळदा नुसती मोठी वाजते. म्हणून फोनवर आवाज मोजणारं ॲप घ्यावं, फोन नेहमी एकाच जागी ठेवावा (माझ्याकडे सोफ्याच्या पाठीवर), दोन्हींतला तोच तुकडा लावावा आणि आकडा जुळेपर्यंत बटण फिरवावं. इथे मुंबई आडवी येते. पंखा चालू असला की ॲप ऑर्केस्ट्राबरोबर पंखाही मोजतं. तो बंद करायचा, तर मे महिन्यात घरचे तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती सहन करायची तयारी हवी.

चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीत तर कठीण प्रसंग आहे. पहिल्या भागाच्या मध्यावर एक सूर खाली खाली विरत जातो आणि शेवटचे चार स्वर बॅसूनला दिलेत, त्यांच्यावर सहा 'पी'. एक पी म्हणजे हळू. सहा म्हणजे असून नसल्यासारखं. बरेच कंडक्टर बॅसूनवर विश्वास न ठेवता हे स्वर बास क्लॅरिनेट या दुसऱ्या फुंकवाद्याकडे सोपवतात, आणि तुलनेची जागा तीच. पण आपल्याकडे त्या क्षणी कुणाचा तरी कुकर तिसऱ्या शिट्टीला आलेला असतो. आपण आवाज वाढवतो, कान स्पीकरला लावतो, आणि पुढच्याच क्षणी अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर कोसळतो. मग बेल वाजते. दारात खालच्या मजल्यावरचे काका. "काही पडलं का हो?"

याच सिम्फनीच्या शेवटच्या भागात सुरुवातीची चाल पहिली आणि दुसरी व्हायोलिनं एकेक स्वर वाटून घेतात. पूर्ण चाल कुणीच वाजवत नाही, ती ऐकणाऱ्याच्या कानात तयार होते. क्लेम्पररसारखा कंडक्टर पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवतो, तेव्हा स्वर या टोकाहून त्या टोकाला जाताना दिसतात म्हणा ना. सगळी व्हायोलिनं डावीकडे असली की गंमत संपली. आणि एक स्पीकर कपाटाच्या वर, दुसरा फ्रिजच्या मागे असेल, तर हा परिच्छेद सोडून द्यावा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए सभागृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम असेल तेव्हा तिकीट काढून एकदा प्रत्यक्ष ऐकावं. डबल बास (सगळ्यात खर्जातली तंतुवाद्यं) खोलीत नाही तर पोटात वाजतात, हे तिथे कळतं.

खरेदीचं सांगायचं तर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आता चोर बाजारातली मटण स्ट्रीट किंवा कुणाच्या तरी आजोबांचं कपाट. एलपी खोक्यातून बाहेर काढून उजेडात तिरपी धरावी. बारीक रेघा चालतात. नखाला लागणारी रेघ सुईलाही लागते. आतल्या गाभ्याजवळ करडेपणा दिसला तर ठेवून द्यावी. बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, गाभ्याजवळ जेमतेम २० ने, आणि सिम्फनीचा सगळा गोंगाट नेमका तिथेच येतो. जुन्या सेटात एका तबकडीवर बाजू १ आणि ४, दुसरीवर २ आणि ३ सापडली, तर दुकानदाराशी हुज्जत घालू नये. तबकड्या आपोआप पाडणाऱ्या चेंजरसाठी ती तशीच छापत.

पावसाळ्यात कव्हरवर पांढरी बुरशी धरते. एलपी उभ्या ठेवाव्यात, माळ्यावर कधीच नाही, आणि कपाटात सिलिका जेल. धुवायला डिस्टिल्ड पाणी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख विरघळते. सीडीचे जुने जाड डबे आधी उघडून बघा. आतला स्पंज दमट हवेत चिकट होऊन तबकडीला बसलेला असतो. तो काढून फेकावा.

क्रमांकांवर तर विसंबूच नये. द्व्होर्झाकची 'न्यू वर्ल्ड' जुन्या कव्हरवर पाचवी असते, आज ती नववी. शूबर्टची मोठी सी मेजर सातवी, आठवी, नववी अशी तिन्ही नावांनी भेटते. ब्रुकनरने आपली चौथी पुन्हा पुन्हा बदलून लिहिली, त्यामुळे ती मागितली तर 'कितवी चौथी?' असा उलट प्रश्न येतो, आणि तो रास्त असतो.

हे सगळं टाळायला लोक कॉम्प्युटरवर येतात. तिथे भागांची नावं अक्षरक्रमाने लागली की बेथोव्हनची नववी तिसऱ्या भागापासून सुरू होते, कारण भागांना वेगावरून नावं असतात, आणि 'अदाजो' (संथ) हा 'अलेग्रो'च्या (जलद) आधी येतो. म्हणून प्रत्येक फाइलच्या पुढे ०१, ०२ घालावं. दोन फाइलींमध्ये खंड पडू न देणारं 'गॅपलेस' चालू करावं, नाहीतर पाचवीत तिसऱ्या भागातून चौथ्यात उसळी घेताना नेमका सेकंदभर सन्नाटा. 'कलाकार' या रकान्यात कुठे बेथोव्हन असतो, कुठे कंडक्टर कारायान. आणि कारायान लिहूनही भागत नाही. त्याने एकट्या बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरच बेथोव्हनच्या नऊच्या नऊ सिम्फनी साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत तीनदा केल्यात. माझ्याकडे फोल्डरचं नाव असं असतं: संगीतकार, क्रमांक, कंडक्टर, ऑर्केस्ट्रा, साल. पुनरावृत्ती घेतली असेल तर शेवटी 'पु'. बॅसून असेल तर 'बॅ'.