शाळेसमोर हळू जा म्हटलं की लगेच येणारा तो मेसेज

शाळा सुरू झाल्या की हा मेसेज दरवर्षी फिरतो, यंदा वाडीच्या ग्रुपवर एकाच दिवसात तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा की शाळेजवळ ताशी ३० किलोमीटरचं लिमिट आणि गतिरोधक हा मूर्खपणा आहे, उंचवट्यांनी कंबर मोडते, ॲम्ब्युलन्स अडते, पोरांना शिस्त लावा, रस्ते रुंद करा, परदेशात कुठे असले उंचवटे असतात, आणि गाड्या अशा अडवल्या तर कोकणात टुरिस्ट येणार नाहीत. खाली हात जोडलेले. मी पण गाडी चालवतो, मला पण घाई असते, तरी एकेक मुद्दा घेऊया.

आधी शिस्त. सागरी महामार्गाला लागून आमची शाळा आहे, सकाळी सव्वादहाला भर पावसात फाटकापाशी उभं राहून बघा. साइडपट्टी म्हणजे नुसता लाल चिखल, पलीकडे उघडं गटार, मग गडगा, म्हणजे दगडी कुंपण. पोरं चालणार कुठून, डांबरावरूनच ना? परवा दुसरीतली एक पोरगी वाऱ्यासमोर छत्री आडवी धरून चाललेली, तिला पुढचं दिसणार काय कप्पाळ, मागून तिचा भाऊ बोंबलतोय "गाडी इली गो, थांब!" आणि चिऱ्याचा डंपर बाजूने गेला तशी छत्री उलटी झाली. आता यात बेशिस्त कोण ते सांगा. लहान पोरांना गाडी दिसते, पण ती किती जोरात येतेय याचा अंदाज त्या वयात नीट येत नाही, ते जमायला वर्षं जातात, आपण कितीही ओरडलो तरी. लायसन ड्रायव्हरकडे आहे, शिस्त पण आधी त्याच्याकडेच मागा की.

"३० काय नि ५० काय, ब्रेक मारला की थांबते गाडी" असंही त्यात लिहिलंय. ५० ने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, ३० ने आठ आणि वर थोडी. पोर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर ३० वाला साधारण १३-१४ मीटरात थांबून मोकळा होतो, आणि तेवढ्याच अंतरावर ५० वाल्याचा पाय नुकता ब्रेकला लागलेला असतो, गाडी अजून ५० च्या ५० ला. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका, आणि आमच्याकडे चार महिने रस्ता कोरडा असतो कधी? वर धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ३० चे ६० केले की चौपट.

रुंदीचं म्हणाल तर चौपदरी झालेल्या हायवेवर तुम्ही स्वतः किती ने मारता ते आठवा. रस्ता सरळ आणि मोकळा दिसला की पाय आपसूक खाली जातो, कुणी सांगावं लागत नाही. तोच माणूस दोन गडग्यांमधल्या चिंचोळ्या रस्त्यावर वीसच्या वर जात नाही, तिथे कसला बोर्ड नसतो तरी. बोर्डाचं तर आमच्याकडे हसूच आहे, श्रावणापर्यंत त्याच्यावर वेल चढतो आणि ३० मधला शून्य गायब होतो. पण म्हणून लिमिट नकोच असंही नाही, कारण केंद्राच्या २०१८ च्या नोटिफिकेशनप्रमाणे अशा साध्या रस्त्यावर कारला ७० पर्यंत मुभा आहे, टू-व्हीलरला ६०. तिथल्यापुरतं कमी लिमिट कुणी ठरवून लावलं नाही तर शाळेसमोरून ७० ने गेलेला माणूस वेगमर्यादेपुरता तरी कागदावर बरोबरच ठरतो!

परदेशाचा मुद्दा वाचून तर हसायलाच आलं. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर चारशेहून जास्त मुलं मेली, आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलनाचं नावच "मुलांची हत्या थांबवा" होतं. आज तिथे वस्तीतल्या गल्लीबोळात उंचवटे आहेत, रस्ते मुद्दाम अरुंद केलेत. स्पेनने २०२१ पासून शहरातल्या एक-एक लेनच्या रस्त्यांना ३० लावलं, ब्रिटनमधल्या वेल्सने २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांना ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर.

टुरिस्टचं एका ओळीत. शाळेपुढचे ३०० मीटर ६० ने गेलात तर १८ सेकंद, ३० ने गेलात तर ३६. अठरा सेकंदांसाठी कोण मालवणला यायचं सोडणार आहे?

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची खरी, कंबर मोडते. आमच्या वळणावर रातोरात डांबराचा ढीग ओतून केलेला गतिरोधक आहे, ना पट्टा ना बोर्ड, गेल्या वर्षी आई मागे बसलेली असताना मी त्याच्यावरून उडालो, तिच्या मांडीवरची आमसुलांची पिशवी गटारात गेली आणि आईचं पाठीचं दुखणं अजून आहे. पण तो गतिरोधक नव्हेच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या पुस्तिकेत माप दिलेलं आहे, गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मधे उंची १० सेंटिमीटर, सावकाश चढणारा गोल माथा, २५ च्या आसपास गेलात तर नीट पार होतो. आमचा ढीग जेमतेम दीड फूट रुंद, म्हणून तो लाथ मारतो. ॲम्ब्युलन्सचं म्हणाल तर सलग आडवा उंचवटा न करता मधे फटी ठेवून तुकड्यातुकड्यात करतात, रुंद गाडीची चाकं बरीचशी फटीतून जातात, कारला मात्र हळू व्हावंच लागतं.

आमच्या फाटकाला खरं तर एवढंच पुरे, झेब्रा क्रॉसिंगच उचलून सपाट ओट्यासारखं करायचं, त्याच्या आधी रस्ता दोन्हीकडून आवळायचा, गटारावर लाद्या टाकून पोरांना चालायला जागा करायची, आणि फाटकासमोर रेलिंग घालायचं म्हणजे सुटलेलं पोर थेट डांबरावर येत नाही. चौपदरी हायवेची गोष्ट वेगळी, तिथे गतिरोधक कामाचा नाही, पायी जाणाऱ्यांना हायवेखालून रस्ता लागतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बांधकाम खात्याकडे पाठवायचा ठराव मांडतोय. मेसेज पाठवणारा आमच्याच वाडीतला आहे, त्याने पण यावं, आधी आपण दोघं मिळून वळणावरचा तो ढीग मोजू. टेप माझ्याकडे आहे.