मग त्या पेशी गाठीत बसून करत काय होत्या?

‘गोदाकाठी’ यांस,

नमस्कार. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “गाठीत लढणाऱ्या पेशी जास्त असल्या की पेशंट जास्त जगतो, असं लिहून तुम्ही मोकळ्या झालात, मॅडम. आमच्या दादाचं तिसऱ्या स्टेजचं ऑपरेशन झालंय. तुमचं वाचून वहिनीने गुळवेलीचा काढा सुरू केला आणि आता विचारते, केमो टाळता येईल का? रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर नॉर्मल आहेत! पेशी एवढ्या शूर होत्या तर कॅन्सर झालाच कसा? आणि पॅरिसची टेस्ट नाशिककरांच्या काय कामाची?”

माझ्या लेखाचं शीर्षकच दिशाभूल करणारं होतं, हे मान्य. ‘गाठीतच बसलेला डॉक्टर’ हे नाव मी कालच काढून टाकलं. वहिनींना मात्र आजच सांगा, केमो टाळायची नाही. आणि काढ्याचं डॉक्टरांपासून लपवायचं नाही. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला हेही खरं, पण तो वाद दादांच्या यकृतावर कशाला सोडवायचा?

आता रक्ताचा रिपोर्ट. २०१५ च्या कुंभात तुम्ही इथेच असाल. जिल्ह्यात पोलीस किती, या आकड्यावरून पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर काय होणार ते कळतं का? कोण, किती आणि नेमके कुठे उभे आहेत ते बघावं लागतं. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, हा झाला जिल्ह्याचा आकडा. गाठीत काय चाललंय ते त्यात दिसत नाही. काढ्याने तो आकडा वाढला असं धरलं तरी त्या पेशी गाठीत शिरतील असं काही नाही.

माझा जन्म गेला लॅबमध्ये ब्लॉक कापण्यात. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, तो ब्लॉक; त्याचा तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा, काचेवर घ्यायचा, रंगवायचा. गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर लिम्फोसाइट, म्हणजे तुमची ती लढणारी पांढरी पेशी, दिसते गडद निळ्या बारीक ठिपक्यासारखी, मोहरीसारखा. काही गाठींच्या कडेला मोहरी सांडल्यासारखी रांगच दिसायची, काही गाठी कोऱ्या. आमचे सर रिपोर्टमध्ये त्याची एक ओळ टाकत आणि पुढची स्लाइड घेत. त्या ओळीला कुणी फार किंमत देत नसे.

ती किंमत पॅरिसच्या झेरोम गालों यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिली. त्यांनी दोन ठिकाणी मोजणी केली: गाठीच्या पोटात आणि जिथे गाठ निरोगी भागात घुसते त्या कडेवर. टी-पेशी हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार. सीडी३ ही सगळ्या टी-पेशींची खूण, सीडी८ ही मारेकरी टी-पेशींची. यातून ‘इम्युनोस्कोर’ तयार झाला आणि २०१८ मध्ये भारतासह १३ देशांतल्या २,६८१ रुग्णांवर तो तपासला गेला. त्या रुग्णांच्या पहिल्या तुकडीत पाच वर्षांत आजार परतला तो वरच्या स्कोरच्या शंभरातल्या ८ जणांचा, मधल्या १९ आणि खालच्या ३२ जणांचा. फरक मोठा आहे. पण ते ८ विसरू नका, वहिनींचं उत्तर त्यात आहे: पेशी भरपूर असल्या तरी आजार परतू शकतो. आणि खालच्या गटातल्या बहुतेकांचा आजार त्या मुदतीत परतला नाही, हेही.

पेशी होत्या तर कॅन्सर झालाच कसा, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पेशी पोचतात, पण गाठ त्यांचा ब्रेक दाबते. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो, एरवी आपल्याच शरीरावर हल्ला होऊ नये म्हणून. गाठ तोच वापरते. पेशी जागेवर असतात पण थकलेल्या, हात बांधलेल्या. असे ब्रेक उलगडल्याबद्दल ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, आणि ब्रेक सोडवणारी औषधंही आली.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये ती सरसकट चालत नाहीत, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. चालतात मुख्यतः अशा गाठींवर, जिथे डीएनएची नक्कल उतरवताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. चुका साचतात, विचित्र प्रथिनं तयार होतात आणि टी-पेशींना ती परकी वाटतात. आतड्याच्या कॅन्सरपैकी साधारण १५ टक्के गाठी अशा. आजार पसरलेल्यांमध्ये मात्र जेमतेम ४-५ टक्के. न्यूयॉर्कमध्ये अशाच गाठी असलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांना नुसतं डोस्टारलिमॅब हे ब्रेक सोडवणारं औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, ती २०२२ ची बातमी तुम्ही वाचली असेल. व्हॉट्सॲपवर ती ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ अशी फिरली. बारा कोण होते ते कुणी सांगितलं नाही.

तेव्हा इम्युनोस्कोर राहू द्या पॅरिसला, एमएमआर तपासणी महत्त्वाची, म्हणजे ती चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का ते बघणं. चार प्रथिनं बघतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. त्यासाठी नवं ऑपरेशन नको, दादांचा आहे तोच ब्लॉक पुरतो. काही वेळा हा दोष आनुवंशिक असतो, मग भावंडांची म्हणजे तुमचीही तपासणी करावी लागते. फक्त नमुना नीट ठेवलेला हवा. एका हॉस्पिटलमधून आमच्याकडे एकदा गाठ रात्रभर नुसत्या सलाईनमध्ये बुडवून आली होती, नमुना टिकवणाऱ्या फॉर्मालिनचा थेंब नाही. सडलेल्या तुकड्यावर कसले रंग चढणार?

दादांच्या रिपोर्टमध्ये एमएमआरची ओळ आहे का बघा. नसेल तर ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, मागितला की मिळतो. ओळ सापडली तर जशीच्या तशी इथे टाका, नाव आणि केस नंबर खोडून.