धंदा करा, पण कळू देऊ नका

फराळाचा धंदा काढताय? वा, ताई! फक्त त्याला धंदा म्हणू नका. ‘वेळ जातो म्हणून थोडंफार करते’ म्हणा, सगळ्यांना कौतुक वाटेल. धंदा म्हणालात की ‘मग मुलांकडे कोण बघतं?’ आलंच. मिस्टरांचंही हार्डवेअरचं दुकान आहे, पण त्यांना हे विचारू नये. मुलं कितवीत आहेत हे त्या बिचाऱ्यांना तुम्हालाच विचारून सांगावं लागेल.

अनारशांची ऑर्डर जपून घ्या. तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं. नेमक्या त्याच वेळी नणंदबाई येतात. तांदळाकडे दुर्लक्ष झालं तर ते बिघडायला वेळ लागतो, नणंदबाईंना लागत नाही.

अमेरिकेची पार्सलं दिवाळीच्या महिनाभर आधी निघतात, म्हणजे ऐन नवरात्रात. देव्हाऱ्यात घट, तुमचा उपास, कढईत भाजणीच्या चकल्या. चव बघायला मामंजी आहेतच. मोहन कमी पडलंय हे ते कुरिअरवाला गेल्यावर सांगतात.

कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत तारण लागत नाही, हा नियम बँकेत म्हणून दाखवू नका. बायकांनी नियम सांगितलेले साहेबांना आवडत नाहीत. ते विचारतील, ‘मिस्टर काय करतात?’ भट्टीचं कोटेशन पिशवीतच राहू द्या.

आणि नातेवाइकांकडून पैसे? शोभतं का? काकू दोन किलो चिवडा नेताना म्हणतील, ‘आपल्याच घरचा की!’ मिस्टरांच्या दुकानातून नळ नेताना मात्र त्या बिल चुकतं करतात. नळ विकत आणावा लागतो ना. पोहे, शेंगदाणे, तेल, गॅस तुमच्या स्वयंपाकघरात उगवतात.

एवढं जमलं की ८ मार्चला सत्कार ठरलेला. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ कसं उभं केलं, हे वक्ते सांगतील आणि मग तुम्हाला विचारतील, ‘घर सांभाळून हे कसं जमवता?’ इथे ‘घरच्यांचा पाठिंबा’ म्हणायचं. मामंजी पहिल्या रांगेत असतात.

दिवाळीत घरचा फराळ मात्र वेगळा करा, शेवटची ऑर्डर गेल्यावर, रात्री. ऑर्डरीतल्याच चकल्या ताटात वाढल्यात तर घरचे म्हणतील, ‘यंदा विकतचा फराळ?’