अंडी पाण्यात नसतात, टिपाडाच्या अंगाला असतात

"डेंग्यूचा डास फक्त स्वच्छ, साचलेल्या पाण्यात होतो. रोज वापरातल्या टिपाडाला धोका नाही, पाणी हलतं राहतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अळ्या जगत नाहीत. तरी शंका असेल तर आठवड्यातून एकदा टिपाड रिकामं करा, झालं." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण यावर विसंबलं तर घरात ताप शिरेल, म्हणून लिहितेय.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला गटारापेक्षा आपल्या घरातलं पाणी आवडतं, हे खरं. "फक्त स्वच्छ" हे मात्र खरं नाही. पानं कुजलेलं पाणी मादीला उलट ओढून घेतं. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर तर या डासाच्या अळ्या शौचालयाच्या मैल्याच्या टाक्यांतही सापडल्या आहेत.

पाणी हलतं म्हणे! दोन तांबे काढले की टिपाड क्षणात पुन्हा शांत. आपली सावली पडली की अळ्या वळवळत तळाला जातात, म्हणून तांब्यात येत नाहीत. टॉर्च घ्या, दोन मिनिटं गप्प उभं राहा. एकेक करून वर येतात आणि श्वासाची नळी पृष्ठभागाला लावून उलट्या लटकतात.

क्लोरीनचं म्हणाल तर पिण्याच्या पाण्यातली मात्रा जंतूंसाठी असते, अळ्या तिने मरत नाहीत. शिवाय साठवलेल्या पाण्यातून ते उडूनही जातं.

आता रिकामं करण्याबद्दल. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीला. काळी, राईहून बारीक, घट्ट चिकटलेली. पाणी ओतलं तरी ती तिथेच राहतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. आला की आपण टिपाड काठोकाठ भरतो, अंडी बुडतात आणि फुटतात. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे पुढचा नळ येईपर्यंत डास तयार. डेंग्यू पावसाळ्याचाच आजार, असं टंचाईच्या गावात म्हणताच येत नाही.

पाणी फेकून द्या, असं मराठवाड्यातल्या बाईला मी सांगणार नाही. नळ यायच्या आदल्या दिवशी तळाचं पाणी दुहेरी फडक्यातून बादलीत गाळून घ्या, ते धुण्याभांड्याला चालतं. फडक्यातल्या अळ्या कोरड्या मातीत झटका. मग टिपाड आतून नारळाच्या शेंडीने खसाखसा घासा, जिथपर्यंत पाणी चढतं तिथपर्यंत, काठाच्या वळणातसुद्धा. घासलेलं पाणी अंगणातल्या मातीत ओता. ओतता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा.

सासूबाईंच्या निळ्या टिपाडाचं झाकण एका बाजूने तडकलंय. त्यावर मी जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून सुतळीने बांधते. तांब्या काढला की लगेच परत बांधायचा, हे आता घरातल्या पोरांनाही पाठ झालंय.